शापाची बेडी आणि राजाचा शब्द

९ मार्च २०१८ रोजी नायजेरियातील बेनिन सिटीच्या राजवाड्यात एक विलक्षण सभा भरली. बेनिनच्या पारंपरिक राजाला 'ओबा' म्हणतात. २०१६ साली गादीवर आलेले ओबा दुसरे एवुआरे यांनी राज्यातील देवस्थानांचे पुजारी, मांत्रिक आणि झाडपाल्याचे वैद्य यांना बोलावणे धाडले होते, व ते आपापल्या पूजेतील वस्तूंसह हजर झाले होते. त्या सर्वांसमक्ष ओबांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. देहविक्रयासाठी परदेशी पाठवताना मुलींकडून ज्या शपथा घेण्यात आल्या, त्या सर्व रद्द झाल्या आहेत. आणि यापुढे जो मांत्रिक अशी शपथ देईल, जो दलाल असा व्यापार करील, त्याच्यावर राज्याच्या पूर्वजांचा व देवतांचा कोप होईल. थोडक्यात सांगायचे तर शापाचे निवारण शापानेच करण्यात आले.

ही वार्ता ऐकून कॅथॉलिक वाचकाच्या मनात दोन परस्परविरोधी भावना उठतात. हजारो मुलींच्या पायांतील बेडी सैल झाली म्हणून आनंद वाटतो. आणि ती सैल करण्यासाठी पुन्हा त्याच देव्हाऱ्यांचा व त्याच भयाचा आधार घ्यावा लागला, याचे वैषम्यही वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही भावना रास्त आहेत. मात्र कोणत्याही निर्णयाप्रत येण्यापूर्वी ही बेडी नेमकी कशाची घडवलेली होती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बेनिन सिटी हे नायजेरियाच्या एडो राज्याच्या राजधानीचे शहर. शेजारच्या बेनिन नावाच्या देशाशी त्याची गल्लत होऊ नये. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज येथे पोहोचले, म्हणजे वसईत पाय रोवण्याच्या सुमारे अर्धशतक आधी. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने हे शहर घेतले, राजवाड्यातील पितळी व ब्राँझची अप्रतिम शिल्पे लुटून नेली आणि तत्कालीन ओबांना हद्दपार केले. सत्ता गेली, तरी ओबांच्या शब्दाचे वजन गेले नाही. आज त्यांच्या हाती ना पोलीस आहेत, ना न्यायालय. परंतु तेथील श्रद्धेनुसार ते पूर्वज, देवता आणि प्रजा यांच्यातील दुवा आहेत, आणि राज्यातील देव्हारे त्यांच्या अधिकाराखाली येतात. आणखी एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. गादीवर येण्यापूर्वी हे ओबा नायजेरियाचे इटलीतील राजदूत होते. आपल्या राज्यातील मुली तेथील रस्त्यांवर कोणत्या अवस्थेत उभ्या असतात, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि नायजेरियाची अर्थव्यवस्था खालावली. त्या दशकाच्या अखेरीस एडोमधील काही स्त्रिया इटलीत गेल्या. काहीजणी शेतमळ्यांत राबल्या, काही देहविक्रयाकडे वळल्या. आणि त्यांच्यापैकीच काही पुढे 'मॅडम' बनून गावाकडच्या मुली आणू लागल्या. मुलीला सांगितले जाते की केशभूषेच्या दुकानात किंवा एखाद्या घरी कामाची सोय झाली आहे. प्रवासाचा खर्च मॅडम करणार, मुलीने तो पुढे फेडायचा. किती फेडायचा, हे बहुधा समुद्र ओलांडल्यावर उमगते. पंचवीस हजार, पस्तीस हजार, कधी पन्नास हजार युरो! शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलीला त्या आकड्याचा अर्थ कसा कळावा?

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदींनुसार समुद्रमार्गे इटलीत उतरलेल्या नायजेरियन स्त्रियांची संख्या २०१४ मध्ये सुमारे दीड हजार होती. २०१६ मध्ये ती अकरा हजारांवर गेली. यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया व मुली तस्करीच्या बळी असाव्यात, असा संघटनेचा अंदाज होता. सगळ्याच किनाऱ्याला लागल्या असेही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका स्पॅनिश जहाजाने दक्षिण इटलीतील सालेर्नो बंदरात २६ नायजेरियन स्त्रियांचे व मुलींचे मृतदेह उतरवले.

या व्यापाराचे कुलूप म्हणजे प्रस्थानापूर्वी दिली जाणारी शपथ. मुलीला देव्हाऱ्यात नेतात. तिची नखे, केस, कधी मासिक पाळीचे रक्त, कधी अंतर्वस्त्र घेऊन एक पुडके बांधले जाते. अंगावर ब्लेडने बारीक चिरा देऊन त्यांत भुकटी चोळतात. कोला वृक्षाचे कडू बी खायला देतात, मद्य पाजतात, कोंबडी मारून तिचे कच्चे काळीज गिळायला लावतात. मग ती शपथ घेते: कर्ज पूर्ण फेडीन, पळून जाणार नाही, मॅडमचे नाव पोलिसांना सांगणार नाही. शपथ मोडली तर वेड लागेल, कूस उजवणार नाही, मरण येईल. मला नाही तर माझ्या आईला. पुडके मांत्रिकापाशी राहते. ही ऐकीव कथा नव्हे. २०१८ मध्येच इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या न्यायालयाने लंडनवासी परिचारिकेला तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. नायजेरियातील स्त्रियांना अशाच शपथेने बांधून तिने जर्मनीत देहविक्रयासाठी पाठवल्याचे तेथे सिद्ध झाले.

पश्चिम आफ्रिकेत या सगळ्याला 'जूजू' असा ढोबळ शब्द आहे. आपल्याकडे करणी, मूठ, भानामती हे शब्द ज्या दबक्या आवाजात उच्चारले जातात, तसाच तोही उच्चारला जातो. शपथ घेणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ ख्रिस्ती असतात, रविवारी उपासनेला जाणाऱ्या असतात. काही स्वयंघोषित पाळक तर प्रवास सफल व्हावा म्हणून त्यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थनाही करतात. ज्यांना हे अविश्वसनीय वाटते, त्यांनी आपल्या गळ्यातील क्रूस आणि दाराला टांगलेले लिंबू-मिरची यांचे सहजीवन आठवून पाहावे.

या शपथा ज्या देवतांच्या नावाने दिल्या जातात, त्यांत आयेलाला या देवतेचा दरारा मोठा आहे. तिची लोककथा मुळातून जाणून घेण्यासारखी आहे. नायजेरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील खाड्यांच्या प्रदेशात इलाजे आणि इजॉ अशा दोन जमाती राहतात. इलाजे जमातीतील एका पुरुषाने दुसऱ्याच्या पत्नीशी व्यभिचार केला आणि मृत्युदंडाच्या भयाने तो खाडीपलीकडे इजॉ लोकांच्या आश्रयाला गेला. त्यांनी त्याला परत देण्याचे नाकारले. दोन्ही बाजूंत वैर पेटले, माणसे मेली. अखेर तडजोड ठरली की अपराध्याच्या ऐवजी एका गुलाम स्त्रीचा बळी द्यावा. बळीच्या स्थानी तिला नेले, तेव्हा तिच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडले, 'आये लाला'. हे जग अगम्य आहे, भयंकर आहे, असा काहीसा त्याचा भाव. तिचे मूळ नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही. ते शब्दच तिचे नाव झाले. दोन्ही जमातींनी तिला साक्षी ठेवून करार केला: जो हा करार मोडील, जो खोटे बोलेल, चोरी करील, त्याचा सूड तिने घ्यावा.

दुसऱ्याच्या पापासाठी मारल्या गेलेल्या एका निनावी गुलाम स्त्रीला लोकांनी न्यायदेवता केले. पोलीस विकले जातात, न्यायालयात वर्षे जातात, म्हणून आजही बेनिनमधील सामान्य माणूस चोरीच्या तक्रारीसाठी आयेलालाच्या देव्हाऱ्याकडे वळतो. आणि तिच्याच नावाने आज तरुण स्त्रियांना गुलाम केले जाते! तस्करांनी नवी श्रद्धा निर्माण केलेली नाही. करार पाळावा, कर्ज फेडावे, उपकारकर्त्याचा घात करू नये, ही समाजाची जुनी नीती त्यांनी उचलली व आपल्या तिजोरीला जुंपली. म्हणूनच ती मुलगी केवळ घाबरलेली नसते. आपण पळालो तर आपण अप्रामाणिक ठरू, असेही तिला मनोमन वाटत असते. परदेशी वकिलांच्या ध्यानात ही गोष्ट उशिरा आली.

शापाने खरोखर काही होते काय? या प्रश्नाचा अभ्यास वैद्यकशास्त्राने केलेला आहे. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९४२ मध्ये एका मानववंशशास्त्रीय नियतकालिकात या विषयावर निबंध लिहिला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींमध्ये मांत्रिकाने हाडाचा रोख आपल्याकडे केल्याचे कळताच धडधाकट माणूस अंथरूण धरतो व काही दिवसांत मरतो, अशा हकिगती त्यांनी गोळा केल्या आणि त्यांचा संबंध शरीराच्या भयप्रतिक्रियेशी जोडला. भय दिवसचे दिवस टिकले की रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो, असा त्यांचा तर्क होता. पुढील संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या. अशा माणसाचे अन्नपाणीच तुटते, मग तो भयाने मेला की तहानेने, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु अपाय होणार या खात्रीनेच अपाय जाणवू लागतो, हे तत्त्व आता वैद्यकात मान्य आहे. त्याला 'नोसिबो' असे म्हणतात. औषध म्हणून साधी गोळी दिली आणि तिचे दुष्परिणाम सांगितले, तर ते काही रुग्णांना खरोखरच जाणवतात.

तथापि माझ्या मते या प्रकरणावर अधिक प्रकाश टाकतो तो फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांचा १९४९ मधील निबंध. मांत्रिकाचे सामर्थ्य तीन विश्वासांवर उभे असते, असे त्यांनी दाखवले. मांत्रिकाचा स्वतःच्या विद्येवरचा विश्वास, पीडिताचा मांत्रिकावरचा विश्वास, आणि या दोघांना वेढून असलेल्या समाजाचा विश्वास. शाप लागलेल्या माणसाकडे त्याचे आप्तच मृताकडे पाहावे तसे पाहू लागतात. तो समाजातून आधी मरतो, शरीराने नंतर. एडोच्या मुलीबाबत नेमके हेच घडते. तिने एखादा हप्ता चुकवला की मांत्रिकाला काही करावे लागत नाही. दलाल तिच्या आईला गाठतो आणि आईच दूरध्वनीवर रडून सांगते की पोरी, पैसे पाठव, मला बरे वाटत नाही. युरोपातील त्या खोलीत मुलीची झोप उडते, डोके ठणकते, कानांत आवाज येऊ लागतात. आता शाप लागल्याची आणखी खूण कोणती हवी?

म्हणूनच कायद्याचे हात येथे आखूड पडले. नायजेरियाने तस्करीविरुद्ध २००३ मध्ये कायदा करून स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन केली. इटलीने १९९८ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात अठरावे कलम घालून अशा बळींना निवासाचा परवाना देऊ केला. या कलमाचे शहाणपण असे की पोलिसांत तक्रार न नोंदवताही, सामाजिक संस्थेच्या मार्गाने त्याचा लाभ मिळू शकतो. नाव सांगायचे नाही, ही शपथेची पहिली अट. तेव्हा नाव सांगितल्याविना आश्रय नाही असा नियम असता, तर तो मॅडमच्याच सोयीचा ठरला असता.

येथे आपल्या धर्मभगिनींच्या कार्याचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. केनियात अनेक वर्षे मिशनकार्य करून परतलेल्या कॉन्सोलाता संघाच्या सिस्टर युजेनिया बोनेत्ती यांनी १९९० च्या दशकात तुरीन येथे रस्त्यावरील आफ्रिकन स्त्रियांमध्ये काम सुरू केले. रोमजवळच्या पोंते गालेरिया येथील स्थानबद्धता केंद्रात त्या शनिवारी जात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या गुड फ्रायडेला कलोसियममधील क्रुसाच्या वाटेची मनने त्यांच्याकडून लिहवून घेतली. नायजेरियातील धर्मभगिनींच्या परिषदेने १९९९ मध्येच स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी एक समिती स्थापन केली व परत येणाऱ्या मुलींना आधार देण्याचे काम बेनिन सिटीत हाती घेतले. २००९ पासून जगभरातील धर्मभगिनींचे 'तालिथा कूम' हे जाळे त्याच कामाला वाहिलेले आहे. या भगिनींनी मुलींना 'शाप वगैरे काही नसते' असे सांगून वाटेला लावले नाही. शेजारी बसून रात्र काढावी लागते. सकाळ होते, आईचा दूरध्वनी येतो, ती जिवंत असते. असे किती दिवस गेले म्हणजे शाप खोटा ठरतो, याला नियम नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत निःसंदिग्ध आहे. जादूटोणा व दुसऱ्यावर गुप्त शक्तीने सत्ता गाजवण्याचा प्रयत्न हे धर्मशिक्षण ग्रंथाने गंभीर पाप मानले आहे, मग हेतू आरोग्यप्राप्तीचा का असेना. याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेत आहे. फसवणुकीने, बळजबरीने किंवा तीव्र भय घालून घेतलेली शपथ मुळातच निरर्थक ठरते, असे तिचे कलम १२०० सांगते. ती रद्द करून घ्यावी लागत नाही. ती बांधतच नाही. कर्ज फेडले नाही तर आपण शपथभंगाचे पाप करू, असे मानणाऱ्या ख्रिस्ती मुलीला हे कोणीतरी तिच्या भाषेत सांगायला हवे. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या पाखरासारखा असतो, तो कोठे उतरत नाही, असा विचार आलेला आहे.

परंतु सत्य सांगणे वेगळे आणि ते पचनी पडणे वेगळे. करिंथच्या मंडळीत मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा वाद उठला, तेव्हा संत पौलाने मूर्ती काहीच नाही हे मान्य केले. आणि तरीही ज्याची सदसद्विवेकबुद्धी दुबळी आहे त्या बंधूला तुडवून पुढे जाऊ नका, अशी ताकीद दिली. ज्ञान असलेल्यांनी भ्यालेल्यांना हसू नये, एवढा बोध तरी त्यातून घेता येतो. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मार्च २००९ मध्ये लुआंडा येथील प्रवचनात भुताखेतांच्या भयाखाली जगणाऱ्यांचा विषय काढला तोही करुणेने. चेटकी ठरवून रस्त्यावर टाकलेल्या मुलांची व वृद्धांची त्यांनी आठवण केली.

आता पुन्हा ओबांच्या घोषणेकडे वळू. लेव्ही-स्ट्रॉस यांच्या भाषेत बोलायचे तर पोलीस पहिल्या दोन विश्वासांशी झुंजत होते, ओबांनी तिसऱ्यालाच हात घातला. गावानेच म्हटले की शपथ सुटली, तर आईचा दूरध्वनी वेगळा येतो. घोषणेची बातमी दूरध्वनींवरून व समाजमाध्यमांवरून युरोपभर पसरली. काही स्त्रियांनी पैसे पाठवणे थांबवले; काहींना तरीही धीर झाला नाही. एडो राज्याने त्याच वर्षी तस्करीविरोधी स्वतंत्र कायदा केला. हे सर्व स्वागतार्ह आहे, आणि एका पारंपरिक राजाने आपल्या अधिकाराचा उपयोग दुर्बलांसाठी केला याचे श्रेय त्याला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

तथापि आकडे वाचताना घाई नको. इटलीत उतरणाऱ्या नायजेरियन स्त्रियांची संख्या २०१७ मध्येच जवळपास निम्म्यावर आली होती, म्हणजे घोषणेपूर्वीच. त्या वर्षी इटलीने लिबियाशी करार केला व नौका समुद्रातच अडवल्या जाऊ लागल्या. अडवलेल्या मुली घरी परतल्या असे नव्हे; पुष्कळजणी लिबियातील कोंडवाड्यांत अडकल्या, तर काहींना माली व अन्य शेजारी देशांकडे वळवण्यात आले. दुसरी बाब तत्त्वाची आहे. ओबांनी शाप उठवला, त्याच क्षणी शाप असतो यावर शिक्कामोर्तबही केले. शिवाय ओबांनी सोडवली ती शपथ. कर्जाचा आकडा, घर गहाण ठेवून काढलेले पैसे, मुलगी परदेशी गेली की घर बांधले जाते ही शेजाऱ्यांची स्पर्धा, या गोष्टी कोणत्याही देव्हाऱ्यात ठेवलेल्या नव्हत्या.

आपल्या महाराष्ट्राने निराळी वाट चोखाळली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. करणी खरी की खोटी, या वादात हा कायदा पडत नाही. भय घालून लुबाडणाऱ्याला तो शिक्षा करतो. ही त्याची जमेची बाजू. परंतु तक्रार करायला पीडिताला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, आणि ज्याला मूठ मारली जाण्याची धास्ती आहे तो ती चढत नाही. रुग्ण बरा होत नाही म्हणून गुपचूप भगताकडे जाऊन येणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही आहेत, हे आपल्या धर्मगुरूंना ठाऊक आहे.

८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा सण. २०१५ पासून तो मानवी तस्करीविरोधी प्रार्थनेचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. सुदानमधील दारफूरमधून लहानपणी पळवली गेलेली ही मुलगी भीतीच्या धक्क्याने स्वतःचे नावदेखील विसरली होती. 'बखिता', म्हणजे भाग्यवान, हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिलेले. आयेलालाप्रमाणे तिचेही मूळ नाव कोणाला ठाऊक नाही.

बेनिन सिटीतील मांत्रिक ओबांच्या धाकाने बऱ्याच अंशी गप्प झाले, असे तेथील कार्यकर्ते सांगतात. दलालांनी त्यावर तोड काढली. ते मुलींना शपथेसाठी एडोबाहेर, शेजारच्या राज्यांत नेऊ लागले. तेथे देव्हारे आहेत, पुजारी आहेत, आणि बेनिनच्या ओबांचा शब्द तेथे चालत नाही.